आवडीला अवसर हवा



कोल्हापूर म्हटले की तांबड्या मातीचा आखाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात, कांबळवाडी या लहानशा गावी वाढलेल्या स्वप्निल कुसाळे यांना मात्र रायफलचा छंद जडला.

शिक्षक असलेल्या वडिलांनी त्यांना २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले. तेथे वर्षभर कसून प्रशिक्षण झाल्यावर एक खेळ निवडावयाचा होता. स्वप्निल यांनी नेमबाजी निवडली. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून व उभे राहून ५० मीटरवरील लक्ष्य साधण्याच्या या प्रकारात श्वासावरील ताबा आणि मनाचे स्थैर्य यांची कसोटी लागते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

जो खेळ मुलाने कधी पाहिलाच नाही, त्याची गोडी त्याला लागणार कशी? गावातील शाळेने व ग्रामपंचायतीने मुलांना निरनिराळे खेळ खेळून पाहू द्यावेत. निवडीची घाई करू नये. आणि निवड झाल्यावर त्या मुलाच्या पाठीशी उभे राहावे.