आहार, इन्सुलिन आणि मनाचे आरोग्य
(भाषणाचा सारांश)



जमिनीत अन्नद्रव्य भरपूर असूनही मुळांना ते घेता आले नाही, तर पीक पिवळे पडते. शरीरातही तसेच घडते. साखरेचा चहा, बिस्किटे, तळीव पदार्थ वाढले व अंगमेहनत कमी झाली, की पोटाचा घेर वाढतो आणि पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. पुढे मधुमेह जडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेचा खप सुमारे २० टक्के. स्मरणशक्तीच्या कामातही इन्सुलिनचा वाटा असतो. मधुमेहींमध्ये नैराश्य व विस्मरण जास्त आढळते. उदास माणूस खाण्याची, चालण्याची हेळसांड करतो आणि साखर आणखी वाढते.

कर्जाचे, नापिकीचे दुःख भाकरीने जात नाही, हे खरे. पण त्यात आजाराची भर पडू देऊ नये. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ व पालेभाजी ठेवावी.
२) चहातील साखर हळूहळू कमी करावी.
३) जेवणानंतर थोडे चालावे.
४) कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी.च्या वर असल्यास उपाशीपोटी रक्त तपासावे. साखर १०० मि.ग्रॅ. किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना भेटावे. सुरू असलेले औषध मनाने बंद करू नये.

घरातील कोणी दोन आठवडे गप्प, उदास राहिल्यास 'स्वभावच तसा' म्हणून सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. पिकाइतकीच माणसाचीही निगा राखा.