कंट्री संगीताचे जुने मानकरी

अमेरिकेत व्हर्जिनिया आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचे गाव आहे. गावाचा हमरस्ता हीच तेथील सरहद्द. एका बाजूचा दुकानदार एका राज्याचा, समोरचा दुसऱ्या राज्याचा. १९२७ सालच्या उन्हाळ्यात या रस्त्यावरील एका टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत राल्फ पीअर नावाचे गृहस्थ व्हिक्टर कंपनीच्या वतीने ध्वनिमुद्रणाचे यंत्र मांडून बसले. एका गाण्यास पन्नास डॉलर मिळत. शेतांत आणि गिरण्यांत राबणाऱ्यांना ही रक्कम थोडीथोडकी नव्हती.

१ ऑगस्ट रोजी तेथे तीन माणसे आली : ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा आणि धाकटी भावजय मेबेल. मेबेल अठरा वर्षांची होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिच्या हातातील गिटार मात्र नवेच काही बोलत होती. गाण्याची चाल ती अंगठ्याने खर्जाच्या तारांवर काढी आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरी. पुढे हजारो वादकांनी ही रीत गिरवली.

कार्टर हे गाणी गोळा करीत डोंगरोडोंगरी हिंडत. लेस्ली रिडल हा एका पायाने अधू असलेला कृष्णवर्णी वादक त्यांच्याबरोबर असे. शब्द कार्टर टिपून घेत, चाल रिडल ध्यानात ठेवी. तबकडीवर नाव उमटले ते कार्टर कुटुंबाचे. पुढे रिडलने वादन जवळजवळ सोडूनच दिले. अनेक वर्षांनी मेबेलने लोकसंगीताचे संग्राहक माइक सीगर यांच्यापाशी त्याचे नाव काढले, तेव्हा कोठे १९६५ साली त्याचे स्वतःचे ध्वनिमुद्रण झाले. मेबेल बोलली नसती तर?

कार्टर कुटुंबानंतर दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, त्याच इमारतीत जिमी रॉजर्स गायला. रेल्वेतला ब्रेकमन, क्षयाने ती नोकरी सुटलेली. छातीतून निघणारा सूर एकाएकी मोडून गळ्याच्या वरच्या पट्टीत फेकावयाचा, ही यॉडलची कला त्याने घरोघर पोहोचविली. आपल्या खांडव्याच्या, इंदूरच्या कॉलेजात शिकलेल्या किशोरकुमारांनी हे यॉडल त्याच्या व टेक्स मॉर्टनच्या तबकड्यांवरून उचलले, असे सांगतात. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला अखेरची गाणी देताना रॉजर्स दोन गाण्यांमध्ये खाटेवर पडून विसावा घेई. २६ मे रोजी तो गेला. वय अवघे पस्तीस.

हँक विल्यम्सचे आयुष्य तर याहूनही आखूड. १ जानेवारी १९५३ रोजी एकोणतिसाव्या वर्षी, कार्यक्रमाला जाताना, मोटारीच्या मागच्या बैठकीवर त्याचा अंत झाला. त्याचा गुरू रूफस पेन हाही रस्त्यावर वाजविणारा एक कृष्णवर्णी कलावंत होता.

परंतु या सर्वांत चटका लावते ती डीफर्ड बेलीची कहाणी. नॅशव्हिलच्या नभोवाणी केंद्रावरून १९२५ पासून दर शनिवारी रात्री लोकगीतांची बैठक होई. लहानपणी पोलिओ झालेला, लहानखुऱ्या चणीचा हा माणूस तेथे माउथ ऑर्गन वाजवी. १९२७ सालच्या एका रात्री, शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम संपताच, त्याने धावत्या आगगाडीची नक्कल वाजविली. चाकांचा खडखडाट, शिट्टी, सारे काही. त्याच रात्री निवेदक जॉर्ज हे यांनी या बैठकीला थट्टेने 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव दिले आणि ते कायम झाले.

पुढे रॉय अकफसारखे नवखे गायक गर्दी जमावी म्हणून बेलीला दौऱ्यावर नेत. रंगमंचावर टाळ्या त्याला पडत. मुक्कामाच्या हॉटेलात मात्र त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांचा वाद उपस्थित झाला, त्याच्या ठरलेल्या चाली वाजविण्यास बंदी आली आणि अखेर त्याला काढून टाकण्यात आले. पंधरा वर्षे श्रोत्यांनी ज्याची वाट पाहिली तो माणूस त्याच शहरात बूटपॉलिशचे दुकान चालवू लागला. माउथ ऑर्गन त्याने सोडला नाही. दुकानात आलेल्यांना तो वाजवून दाखवी.

१९७४ साली जुन्या कलावंतांच्या मेळ्यात ऑप्रीने त्याला पुन्हा बोलाविले. १९८२ साली तो वारला. कंट्री संगीताच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले ते २००५ साली. अकफ यांचे १९६२ सालीच लागले होते.