शेजारी कोण? : अपकृत्य-कायद्याच्या अभ्यासाविषयी चार शब्द

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



प्रतिवर्षी ह्या समारंभात डॉक्टर, इंजिनिअर आणि हिशेबतपासनीस होणाऱ्या आपल्या मुलामुलींचे आपण कौतुक करतो. यंदाच्या यादीत कायद्याच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची नावे पाहून मला विशेष समाधान वाटले. त्यांना उद्देशून मी काही बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविलेला मनुष्य. कायद्याचा पंडित नव्हे. परंतु माझी नात विधी महाविद्यालयात शिकत असून गतवर्षी तिच्या 'टॉर्ट' ह्या विषयाची उजळणी रोज रात्री जेवणानंतर माझ्यासमोर होत असे. वाचलेला निवाडा तिने मला मराठीत सांगावयाचा, आणि मला तो कळला नाही तर तिलाच तो आला नाही असे समजावयाचे, असा आमचा नियम होता. त्या श्रवणातून जे मजपाशी साठले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

टॉर्ट ह्यास मराठीत 'अपकृत्य' असा शब्द आहे. चोरी, मारामारी, खून हे गुन्हे होत. त्यांत सरकार खटला चालविते आणि अपराध्यास शिक्षा होते. शब्द देऊन तो मोडला, तर करारभंगाचा दावा होतो. परंतु ज्याच्याशी माझा काही करार नाही, आणि ज्याला तुरुंगात पाठवावे असा दुष्ट हेतूही ज्याच्या मनात नव्हता, अशा मनुष्याच्या हयगयीने माझा पाय मोडला, किंवा त्याच्या खोट्या बोलण्याने माझी अब्रू गेली, तर त्याची भरपाई मी कोणत्या न्यायाने मागावी? ह्या प्रश्नाचे उत्तर देणारा जो कायदा, तो अपकृत्यांचा कायदा.

नवख्या विद्यार्थ्याची पहिली अडचण अशी की, ह्या विषयाचे एक असे संहितेचे पुस्तक नाही. गुन्ह्यांसाठी १८६० ची दंडसंहिता होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. करारांसाठी १८७२ चा अधिनियम आहे. अपकृत्यांसाठीही सर फ्रेडरिक पोलॉक ह्या इंग्रज पंडिताने १८८६ साली हिंदुस्थानकरिता एक मसुदा तयार केला होता, परंतु त्याचा कायदा झाला नाही. म्हणून हा विषय कलमे पाठ करून येत नाही. तो निवाड्यांतून वेचावा लागतो. मी विद्यार्थ्यांस सांगेन की, निवाडा हाती घेतला म्हणजे चार प्रश्न वहीत लिहावे: घडले काय? वाद कशाचा? न्यायाधीशांनी निर्णय काय दिला? आणि तो का दिला? ह्यांपैकी चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला आपल्या शब्दांत देता येते, त्याला परीक्षेतील कल्पित प्रसंगाचे भय उरत नाही. गणितातील शाब्दिक उदाहरण आणि हा प्रसंग ह्यांची जात एकच. आकडे बदलतात, रीत बदलत नाही. आपल्यापैकी पुष्कळ मुले मराठी माध्यमातून गेलेली असतात आणि लॅटिन सूत्रे पाहून बिचकतात. त्यांनी सूत्र मागाहून पाठ करावे. आधी गोष्ट समजून घ्यावी.

अशा दोन जुन्या गोष्टी सांगतो. पहिली शाळामास्तरांचीच आहे, म्हणून ती माझ्या विशेष लक्षात राहिली. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी एक जुनी शाळा होती. तेथे दुसऱ्या एका शिक्षकाने नवी शाळा काढली. जुन्या शिक्षकांना तिमाहीची फी ४० पेन्सांवरून १२ पेन्सांवर आणावी लागली. त्यांनी दावा लावला आणि १४१० साली ते तो हरले. नुकसान झाले हे खरे, परंतु त्यांच्या कोणत्याही हक्काचा भंग झाला नव्हता. शाळा काढण्याचा अधिकार दुसऱ्यालाही होताच. दुसरी गोष्ट १७०३ सालची. एल्सबरी येथील ॲश्बी नावाच्या एका गरीब चर्मकारागिराला निवडणुकीत मत देऊ दिले नाही. ज्याला तो मत देणार होता तो उमेदवार निवडूनही आला. म्हणजे ॲश्बीचे पैचेही नुकसान झाले नाही. तरी सरन्यायाधीश होल्ट ह्यांनी त्याचा पक्ष उचलून धरला, आणि अखेर तो जिंकला. हक्क हिरावला गेला, एवढेच पुरेसे होते. तोट्याचा प्रत्येक प्रसंग अन्यायाचा नसतो, आणि अन्यायाच्या प्रत्येक प्रसंगी पैशाचा तोटा होतोच असे नाही. हे दोन धडे ज्याने नीट घेतले, त्याने अर्ध्याअधिक विषयाचा पाया घातला, असे मी समजतो.

आता ह्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध निवाड्याकडे वळू. १९२८ च्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडमधील पेझली गावी, श्रीमती डॉनह्यू नावाची दुकानात काम करणारी एक बाई मैत्रिणीबरोबर उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागविली. बाटली काळ्या काचेची. आतले दिसत नव्हते. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, आणि त्यामुळे आपण आजारी पडलो, अशी बाईची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले. तेव्हा दुकानदाराशी बाईचा करार नाही. कारखानदार स्टीव्हन्सन ह्याच्याशी तर मुळीच नाही. बाई इतकी निर्धन की तिला निर्धन म्हणूनच वरिष्ठ न्यायासनापुढे जावे लागले. १९३२ साली पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निर्णय दिला. लॉर्ड ॲटकिन ह्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथातील शेजारधर्माचा उपदेश कायद्याच्या भाषेत आणला. आपल्या कृतीने ज्याला इजा पोचेल हे आपल्याला समजू शकते, असा प्रत्येक जण आपला शेजारी होय, आणि त्याच्याविषयी योग्य ती काळजी घेणे हे आपले कर्तव्य होय, असा त्याचा आशय आहे. गंमत अशी की, त्या बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. पुढे प्रकरण आपसांत मिटले. तत्त्व मात्र राहिले.

बंधुभगिनींनो, ही सातासमुद्रापलीकडची कथा म्हणून सोडून देऊ नका. दिल्लीत चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा, आणि त्यातील चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. तो पडला हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली नगरपालिकेस जबाबदार धरले. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९६३ साली सरकारी रुग्णालयात एका भगिनीच्या शस्त्रक्रियेनंतर टॉवेल पोटातच राहिला आणि ती दगावली. तिच्या कुटुंबास सर्वोच्च न्यायालयाचा न्याय १९९६ साली मिळाला. मधली तेहतीस वर्षे विसरू नका. न्यायाचा मार्ग सोपा आहे असे मी म्हणत नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले, आणि वर्षभरातच दिल्लीतील एका कारखान्यातून ओलिअम वायू सुटला. त्या दुसऱ्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती ह्यांनी, घातक उद्योग चालविणाऱ्यास कसलीही सबब सांगता येणार नाही, असा इंग्लंडपेक्षाही कडक नियम घालून दिला.

हे सर्व सांगण्याचे कारण एकच. आपल्या घरांत आपत्ती आली म्हणजे दोष दैवाच्या माथी मारण्याची रीत आहे. माझ्या एका शेजाऱ्याचा कर्ता मुलगा रात्रीच्या वेळी सायकलवरून घरी येताना रस्त्यात खणलेल्या चरात पडून गेला. चराभोवती ना आडवा बांबू होता, ना लाल दिवा. तेराव्याला आलेले सगळे म्हणाले, "घटका भरली होती." चर कोणी खणला आणि दिवा का लावला नाही, हा प्रश्न त्या बैठकीत निघालाच नाही. मृत्यू आपल्या हाती नाही हे मान्य. परंतु दिवा कोणाच्या तरी हाती होता! पोराच्या जिवाचे पैसे घ्यावयाचे काय, असेही कोणी म्हणेल. भरपाई ही जिवाची किंमत नव्हे. मागे राहिलेल्या दोन लेकरांच्या शाळेचा आणि म्हाताऱ्या आईच्या औषधाचा तो आधार आहे. आणि पुढच्या चरावर दिवा लागावा, ह्यासाठी दिलेला तो चटका आहे. अशा दाव्यांना मुदती असतात, म्हणून वकिलाकडे लवकर जावे. खर्चाची धास्ती असेल त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

परंतु हा कायदा केवळ मागण्याचा नाही. तो द्यावयाचाही आहे. येथे मी थोडा परखड बोलतो, त्याची क्षमा असावी. आपल्या मंडळाचे मंगल कार्यालय आहे, वसतिगृह आहे. वसतिगृहाच्या गच्चीचा एका बाजूचा कठडा पडलेला आहे, आणि गतवर्षीच्या सभेत तो विषय पुढील सभेवर ढकलला गेला. कार्यालयाच्या मागील हौदाला झाकण नाही. भटारखान्यात गॅसची नळी जुनी झाली आहे. ज्याच्या ताब्यात वास्तू, त्याच्यावर तेथे येणाऱ्यांची काळजी. आणि नोकराने कामात केलेल्या हयगयीबद्दल धनी जबाबदार, हे माझ्या नातीने मला पहिल्या सहामाहीतच शिकविले. उद्या काही घडले, तर 'मंडळ धर्मादाय आहे' ही सबब चालणार नाही.

आणि तेथे येतो कोण? आचाऱ्याच्या हाताखालची पोरे, वाढपी, मंडपवाले, भांडी घासणाऱ्या बाया, भिंतीवरून चेंडू आणावयास उडी मारणारी गल्लीतील मुले. ह्यांतील बहुतेकांची नावे आपल्या सभासद-सूचीत नाहीत. आपण येथे जमतो ते एका ज्ञातीचे म्हणून, आणि एकमेकांच्या मुलांस शिष्यवृत्ती देतो हे चांगलेच आहे. परंतु ह्या कायद्यात ज्ञातीचे पान नाही. 'हा आपल्यातला काय?' असे तो विचारीत नाही. 'माझ्या हयगयीने ह्याला लागेल काय?' एवढेच विचारतो. सूचीत नाव असलेला आपला असतो. सूचीबाहेरचा शेजारी असतो, आणि कर्तव्य दोघांविषयी सारखेच.

तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांस माझी विनंती अशी: तुमच्यापैकी दोघांनी पुढील महिन्यात कार्यालय आणि वसतिगृह पायरीपायरीने फिरून पाहावे, धोक्याची प्रत्येक जागा कागदावर मांडावी आणि तो कागद कार्यकारी मंडळास सादर करावा. तुमच्या वर्गात जे कर्तव्य, कसूर आणि हानी असे तीन शब्द शिकवितात, त्यांचा अर्थ तेथे जितका स्पष्ट होईल तितका कोणत्याही टीपणवहीत होणार नाही. कार्यकारी मंडळास विनंती अशी की, ह्या स्मरणिकेचा पुढील अंक निघण्यापूर्वी तो कठडा बांधून व्हावा. त्याचा खर्च जमाखर्चाच्या पानावर पाहून आम्हां सभासदांना धन्यता वाटेल.

 विद्यार्थ्यांना माझे आशीर्वाद.