आकडा चुकला, उन्हाळा नाही
(गणेशोत्सवातील भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनीअर, शास्त्रज्ञ नव्हे. पण मापांशी माझा रोजचा संबंध.

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश तापमान नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी नागपुरात एका केंद्रावर ५६! हवामान खात्याने तपासणी केली. मुंगेशपूरचा सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. नागपूरचा आकडाही चुकीचा ठरला. लगेच आपल्यातलेच काही जण म्हणाले, "बघा, हवामानबदल म्हणजे नुसता बाऊ!"

मला हे पटत नाही. त्याच दिवशी आपल्या शेजारच्या सफदरजंगला ४६.८ अंश होते. तो आकडा खराच होता. अर्थात हवामानबदल एका दिवसावरून ठरत नाही, अनेक वर्षांच्या नोंदींवरून ठरतो. आणि २०२४ हे तोवरच्या नोंदींतले जगातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

उन्हात रूळ हवेपेक्षाही जास्त तापतात, प्रसरण पावतात, वाकूही शकतात. म्हणून ट्रॅकमन भर दुपारी गस्त घालतात. गेज चुकले तर आम्ही ते दुसऱ्याशी ताडून पाहतो. मोजणे सोडत नाही.

मुलांनो, बातमी वाचलीत की विचारा: कोणी मोजले? कशाने? पुन्हा तपासले का? बुद्धीच्या देवतेपुढे एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!