रेड लेकने वाटणी नाकारली



अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रेड लेक नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी अनिशिनाबे लोकांचा एक समाज राहतो. सरकारी दप्तरात त्यांस चिप्पेवा म्हणतात. त्यांनी आपली जमीन कशी राखली, ते आज सांगावयाचे आहे.

१८८७ साली अमेरिकन काँग्रेसने डॉज कायदा केला. वरवर पाहता मोठा उदार! सामाईक जमीन मोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या नावे १६० एकरांपर्यंत तुकडा करून द्यावयाचा. परंतु कायद्याची पुढील कलमेही वाचावी लागतात. वाटून उरलेली जमीन ‘जादा’ ठरवून गोऱ्या वसाहतवाल्यांस खुली व्हावयाची होती. १८८९ च्या नेल्सन कायद्याने हेच धोरण मिनेसोटात आणले.

त्याच राज्यातील व्हाइट अर्थ येथे वाटणी झाली. १९०६ साली तेथील मिश्र रक्ताच्या प्रौढांस आपला तुकडा विकण्याची मुभा मिळाली. पुढे फसवणुकीचे खटले उभे राहिले, तेव्हा विक्रेत्याचे रक्त शुद्ध की मिश्र हाच वादाचा मुद्दा झाला. आणि ते ठरविण्यास मानववंशशास्त्रज्ञांनी माणसांच्या छातीची कातडी ओरखडून पाहिली! याला पुरावा म्हणावयाचे काय? बहुतेक जमीन परक्यांच्या हाती गेली.

रेड लेकच्या प्रमुखांनाही १८८९ च्या वाटाघाटींत सुमारे २९ लाख एकर जमीन सोडावी लागली. हे नुकसान लहान नव्हे. मात्र राखलेल्या भूमीचे तुकडे करण्यास ते कधीच राजी झाले नाहीत. ती आजही सर्वांची सामाईक आहे. १९१८ साली त्यांनी लेखी घटना केली, १९५८ साली ती बदलून निवडलेले मंडळ आणले. १९५३ साली काँग्रेसने मिनेसोटातील आदिवासी प्रदेश राज्याच्या न्यायालयांखाली घातले, तेव्हा रेड लेक वगळले गेले, कारण त्यांनी हरकत घेतली होती. वकील या नात्याने मला ही हरकत फार मोलाची वाटते.

अधिकार हाती असला म्हणजे चुका होत नाहीत असे नाही. अतिमासेमारीने सरोवरातील वॉलआय मासा संपत आला. तेव्हा १९९७ साली कोळ्यांनी स्वतःच धंद्याची जाळी बंद केली. पोटावर पाय देऊन घेतलेला हा निर्णय होता. १९९९ साली राज्याशी करार झाला, पाण्यात पिल्ले सोडली, आणि २००६ साली मासेमारी पुन्हा सुरू झाली.