गावचा हिवाळा

(कापणीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी मुंबईतील एका मंडळीपुढे केलेले भाषण)



वेदीपुढे तुम्ही भोपळे, केळीचे घड आणि तांदळाच्या पिशव्या मांडल्या आहेत. त्या मांडताना एका भगिनीने मला विचारले, "मोखाड्याला सध्या काय पिकलंय?" मी म्हटले, नागली कापून होत आली, वरई खळ्यावर आहे. त्या म्हणाल्या, "आम्ही जुलैत आलो होतो धबधबा पाहायला. किती सुंदर हो तुमच्याकडे!" सुंदर आहेच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. वैतरणेच्या खोऱ्यातला तो पाऊस धरणांत साठून तुमच्या नळालाही येतो, तेव्हा तुमचे त्याच्याशी नाते जुनेच आहे. पण आज मला एका घराबद्दल बोलायचे आहे. त्या घराला सगळेच ऋतू आवडतात, आणि त्यातला एक त्यांच्या वाट्याला फार थोडा येतो.

घर वारली कुटुंबाचे. नाव सांगत नाही; त्यांच्या चुलीपाशी बसून ऐकलेले, पाहिलेले सांगते आहे, तेवढी भीड ठेवली पाहिजे. आजी, मुलगा, सून आणि तीन नातवंडे. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. ही माणसे आपल्या मंडळीतली नाहीत. आजी मला "बाय" म्हणते आणि अरेतुरेच करते. त्या बोलीत मोठ्यालाही "तू"च म्हणतात. सुरुवातीला मला ते खटकायचे, आता कुणी "तुम्ही" म्हटले तर परके वाटते.

माझे लहानपण नगर जिल्ह्यात गेले. आमच्याकडे पाऊस म्हणजे वाट पाहण्याची गोष्ट. मंडळीत पावसासाठी प्रार्थना व्हायची आणि चार थेंब पडले की मोठी माणसेही अंगणात येऊन उभी राहायची. नगरच्याच रेव्हरंड टिळकांना लोक फुलामुलांचे कवी म्हणत, आणि बालकवी काही काळ त्यांच्या घरी राहिलेले. त्यामुळे निसर्ग म्हणजे कवितेत वाचायचा, अशी माझी समजूत. मोखाड्यात आले तेव्हा पहिल्याच जुलैत मी रडकुंडीला आले. कपडे वाळेनात. चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, भिंतीवर लावलेल्या थिऑलॉजीच्या डिप्लोमालासुद्धा बुरशी. आजी दारातून बघून हसली. म्हणाली, "बाय, पानी त पडनारच. घरात कवा बसून ऱ्हाशील? भायेर ये."

बाहेर गेल्यावर मला तो पाऊस कळू लागला. त्यांचा पावसाळा ७ जूनच्या मृगापासून सुरूही होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या. मग रोपांच्या जागेवर फांद्या, शेण, पालापाचोळा, माती असे थर रचून उन्हाळ्यात ते भाजायचे. याला राब म्हणतात. राब भाजला की पोरांना कळते, आता पाऊस येणार. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहाची फुले वेचायला सगळे घर झाडाखाली असते. धाकटी नात वेचते दोन आणि खाते एक. मग करवंदे, मग आंबे. मेच्या अखेरीस विहिरीचा तळ दिसतो, बायका हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात टँकर! ते दिवस कुणालाच आवडत नाहीत. आजीला मात्र त्यातही एक गोष्ट आवडते, दुपारनंतर डोंगरामागे वाजणारा पहिला गडगडाट. ती हातातले काम टाकून ऐकते.

पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात. ही भाजी अंगची खाजरी, तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात. मी पहिल्यांदा केली तेव्हा फळे कमी पडली आणि दोन दिवस घसा धरून बसले. सुनेने ती हकिकत अख्ख्या पाड्याला सांगितली. ओढ्याला लोंढा आला की मासे उलटे वर चढतात, तेव्हा बाप आणि पोरगा कंदील घेऊन रात्री जातात. खेकडे येतात. मग आवणी. चिखलात ओणवे राहून भाताची रोपे लावायची, त्यानंतर उतारावरच्या वरकस जमिनीत नागली. पाठ मोडते, आणि त्याच चिखलात थट्टाही सर्वात जास्त चालते. पूर्वी डोक्यावर पानांचे इरले असायचे, आता प्लॅस्टिकचा कागद. आजी म्हणते, कागदावर पाऊस नुसता वाजतो, इरल्यात तो बोलायचा.

पाऊस नेहमी भलाच वागतो असे नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळे आली, तेव्हा पालघर जिल्ह्यात कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. या घराचेही फुटले. आजीने ते भात वाळवले, कांडले आणि त्याचा वास येणारा भात ती माणसे खात राहिली. त्या वर्षी तिच्या तोंडून मी पावसाला शिवी ऐकली, तेवढी एकदाच.

आता त्या कमी मिळणाऱ्या ऋतूकडे येते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. नवा तांदूळ घरात आलेला असतो, रात्री तारपा वाजू लागतो. दुधीभोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. पठारावर थंडी पडायला लागते. आणि नेमक्या त्याच वेळी मुकादमाचा टेम्पो पाड्यावर येतो. गणपतीच्या सुमारास घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कोंबड्या.

या घरातला मधला नातू नऊ वर्षांचा. आठव्या वर्षापर्यंत त्याने स्वतःच्या गावचा हिवाळा पाहिलेला नव्हता. दारामागची बोरे लाल होतात हे तो ऐकून होता, खाल्ली होती ती बाजारातली. शाळेचा पट त्याच्या नावापुढे अर्धे वर्ष रिकामा.

मग मागच्या वर्षीच्या आदल्या वर्षी पाड्यातल्या लोकांनी श्रमदानाने नाल्यावर वनराई बंधारा घातला. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या, त्यात माती, एकावर एक रचलेल्या. आपल्या मदतीचा त्यात वाटा आहे, तो मी इथे मोजत बसत नाही; पाठीवरून गोण्या त्यांनीच वाहिल्या. मागे पाणी तुंबले. या घराने वाल टाकला, थोडी मिरची लावली, मोगऱ्याची काही रोपे आणली. आमच्या जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा दादरच्या बाजारात जातो, तुमच्यापैकी कुणी माळलाही असेल. सुनेला रोजगार हमीचे काम मिळाले. बाप तीन आठवडे नाशिककडे द्राक्षांच्या बागेत जाऊन आला, एकटाच. आणि घर गावात राहिले.

त्या हिवाळ्यात मी जरा जास्तच वेळा त्यांच्याकडे गेले, हे कबूल करते. सकाळी शेकोटीभोवती सगळे, मध्ये नागलीची भाकर शेकताना. धुके उतरले की पोरे तोंडातून वाफ काढून एकमेकांवर फुंकायची. पोरगा बोरीवर चढायचा, आजी खालून ओरडायची, आणि पदर मात्र बोरांसाठी पसरलेला. रात्री तारप्याभोवती आपल्या बापाला नाचताना त्या मुलाने पहिल्यांदा पाहिले. मला म्हणाला, "माज्या बापाला येतं?" जणू बापाविषयी कुणी त्याच्यापासून काही लपवूनच ठेवले होते.

जानेवारीत एका दुपारी मी तिथेच होते. अवकाळी ढग भरून आले. हा पोरगा खेळ टाकून घराकडे धावत सुटला, ओरडत, "कागद काढा! कागद काढा!" आम्हाला आधी कळेचना. मग आईच्या लक्षात आले. भट्टीवर हजार विटांमागे मजुरी मिळते, आणि कच्च्या विटांवर पाऊस पडला की चिखल होतो. केलेले काम गेले. म्हणून ढग दिसला की लहानमोठे सगळे प्लॅस्टिक ओढायला धावतात, रात्री झोपेतून उठूनसुद्धा. जूनमध्ये पहिल्या सरीत नागडा नाचणारा हा मुलगा आठ वर्षांत हेही शिकला होता. आईने त्याला जवळ ओढले आणि सांगितले, इथे झाकायला काही नाही रे, वाल आहे नुसता. तो अंगणात उभा राहिला. थेंब पडू लागले तरी आत जाईना, बघत राहिला. आजीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

वालाचा मोहर थोडा गळाला. फार नाही.

मागच्या वर्षी मात्र गोण्या जुन्या होत्या, डिसेंबरातच बंधारा फुटला आणि नाला वाहून कोरडा झाला. मोगरा हंड्याने पाणी घालून कसाबसा जगवला. माघात सगळे भट्टीवर गेले, पोरगाही. परत आला तेव्हा खोकला घेऊन आला.

यंदा मुकादम दोनदा येऊन गेला आहे. त्यांनी अजून उचल घेतलेली नाही. मी सुनेला विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाल्याला पानी ऱ्हायलं त नाय जायाचं." नाल्याची धार आता बारीक होऊ लागली आहे. येत्या दोन आठवड्यांत बंधारा घालावा लागेल, आणि यंदा पाड्यातल्या लोकांना तो दोन ठिकाणी घालायचा आहे.

तेव्हा विनंती एवढीच. ज्यांच्या इमारतीत बांधकाम किंवा दुरुस्ती चालू आहे, त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या फेकू देऊ नयेत. प्लॅस्टिकच्या विणीच्या हव्यात, कागदी चालत नाहीत. फाटक्या नकोत, झटकून आणि घड्या घालून द्या. पाळकसाहेबांनी मागच्या व्हरांड्यात जागा करून दिली आहे. पुढच्या शनिवारी सकाळी सहाला आमची जीप येईल.