रात्रपाळी सुटली, तरी झोप नाही

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळी सुटते, बस गावाकडं निघते. पण घरी पोचूनही काहींचा डोळा लागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, कशातच रस नाही, घास उतरत नाही, असं असेल तर तो आळस नव्हे. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर पारखलेले उपचार आहेत.

शेजारच्या गोव्याचंच बघा. तिथं ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साधी, पण प्रशिक्षण दिलेली माणसं समुपदेशक म्हणून नेमली. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला सुटलेली रोजची कामं पुन्हा धरायला मदत करत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं या प्रयोगाचे निष्कर्ष छापले: तीन महिन्यांनी शंभरातले ६४ जण सावरले होते, हे समुपदेशन न मिळालेल्यांत ३९. मला यातली माणुसकी फार मोलाची वाटते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मनानं बंद करू नका. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि पाळीमुळं जाणं जमत नसेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.